द रोझ

अमेरिकन चित्रकर्ती जे डीफेओ (१९२९–८९) यांचे अमूर्त अभिव्यक्तिवादी (ओळखीच्या आकृतींऐवजी रंग-रेषांतून भावना मांडणाऱ्या शैलीतले) चित्र. रचनाकाळ १९५८–६६. कॅनव्हासवर तैलरंग, लाकूड आणि अभ्रक. उंची सुमारे ३२७ सेंमी., रुंदी २३४ सेंमी. चित्राची जाडी एरवी कोणी विचारत नाही, पण इथे ती सांगावी लागते : सुमारे २८ सेंमी. वजन टनाच्या आसपास.

मध्यबिंदूतून करड्या-पांढऱ्या किरणांचा पसारा चहूकडे फाकतो. मध्याजवळचे किरण रेखीव आहेत; कडेला जाता जाता ते खडकासारखे ओबडधोबड होतात. डीफेओ रंगाचे थरावर थर चढवत, मग सुरीने खरवडून, कोरून पुन्हा भरत. केंद्र मनासारखे साधावे म्हणून सुरुवातीचा कॅनव्हास त्यांनी मोठ्या कॅनव्हासवर चिकटवला. ‘डेथरोझ’, ‘द व्हाइट रोझ’ अशी नावेही बदलत गेली. १९५९ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘सिक्स्टीन अमेरिकन्स’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे घेतली, पण ‘द रोझ’ तेव्हा पूर्ण झाले नव्हते, म्हणून ते गेले नाही. त्याच प्रदर्शनातले जॅस्पर जॉन्स आणि फ्रँक स्टेला पुढे जगप्रसिद्ध झाले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर स्ट्रीटवरील घर डीफेओ यांना १९६५ मध्ये सोडावे लागले, तेव्हा चित्र दारातून निघेना. खिडकीखालची भिंत कापून ते खाली उतरवले. मित्र ब्रूस कॉनर यांनी या प्रसंगावर लघुपट केला. कॅलिफोर्नियातीलच पॅसाडीनाला नेल्यावरही डीफेओ त्यावर काम करत राहिल्या. नंतर सुमारे चार वर्षे त्यांनी चित्रकला जवळजवळ थांबवली.

१९६९ मध्ये चित्र प्रदर्शित झाले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटच्या बैठकीच्या खोलीत टांगले गेले. रंग निखळू लागला. जतनासाठी त्यावर प्लास्टरचे आवरण चढवले, पण काम अर्धवट राहिले. १९७९ मध्ये चित्रापुढे चक्क भिंत उभी राहिली. भिंतीअलीकडे सभा भरत राहिल्या. आपले चित्र पुन्हा उजेडात आलेले डीफेओ यांना पाहता आले नाही.

१९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्यूझियमने भिंत उकलून चित्र बाहेर काढले, मागे पोलादी आधार बसवून दुरुस्त केले आणि आपल्या संग्रहात घेतले. त्याच वर्षी ते बीट संस्कृतीवरील (१९५०च्या दशकातील बंडखोर अमेरिकन लेखक-कलावंतांच्या चळवळीवरील) प्रदर्शनात मांडले गेले. यामुळे लक्ष वेधले खरे, पण चित्रापेक्षा दंतकथाच मोठी झाली : झपाटलेली बाई, आठ वर्षे, टनभर रंग. न्यूयॉर्कच्या पुरुष चित्रकारांच्या अवाढव्य कॅनव्हासला धाडस म्हणणाऱ्यांनी हिला वेड म्हणावे, यात नवल नाही. २०१२–१३ च्या सिंहावलोकन प्रदर्शनाने हा तोल बराचसा सावरला. स्वतःच्या दातांच्या ब्रिजवरून (कृत्रिम दातांच्या जोडपट्टीवरून) केलेली ‘क्रेसेंट ब्रिज’सारखी नंतरची चित्रे, तसेच छायाचित्रे यांच्या शेजारी पाहिले की ‘द रोझ’ हा एकुलता चमत्कार वाटत नाही. एखाद्या वस्तूकडे ती अनोळखी होईपर्यंत पाहत राहण्याची डीफेओ यांची सवय तिथे सगळीकडे दिसते.