येवा किती, विसर्ग किती?

पावसाळ्यात सांगलीकर चहाच्या आधी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि तेव्हापासून दर महापुरात एकच प्रश्न ऐकू येतो: धरणातलं पाणी आधीच का नाही सोडलं? प्रश्न रास्त आहे. फक्त थोडं गणित करून बघू.

सांगलीच्या वर कृष्णेला मिळणाऱ्या कोयना नदीवरच्या धरणाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पाणलोट क्षेत्र सुमारे 892 चौरस किलोमीटर. या क्षेत्रावर 300 मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर एका दिवसात धरणात नऊ टीएमसीहून जास्त पाणी येतं. तिकडे जुलैत असा दिवस उजाडतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आता तेवढं पाणी बाहेर काढायचं म्हटलं, तर 1 लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला 1 लाख घनफुटांचा विसर्ग (धरणातून सोडलेलं पाणी) अखंड 24 तास ठेवूनही 8.64 टीएमसीच जातं. आणि 1 लाख क्युसेक हा खालच्या गावांसाठी स्वतःच एक पूर! म्हणून जागा करायची ती हळूहळू आणि पाऊस पडण्याच्या दोन-तीन दिवस आधी. अंदाज चुकला, पाऊस आलाच नाही, तर गेलेलं पाणी परत येत नाही. मग उन्हाळ्यात वीज आणि शेती दोघंही जाब विचारतात.

गंमत म्हणजे धरणात येणारं पाणी, ज्याला जलसंपदा खात्यात ‘येवा’ म्हणतात, ते थेट मोजता येत नाही. ओढे-नाले चहूबाजूंनी येऊन मिळतात. त्यामुळे पातळी किती चढली आणि सोडलं किती, यावरून तो काढतात. भरलेल्या कोयना जलाशयाचं क्षेत्रफळ सुमारे 115 चौरस किलोमीटर. तासाभरात पातळी एक सेंटिमीटर चढली, तर येवा जवळपास 11 हजार क्युसेक. वाऱ्याने एवढी लाट सहज उठते!

कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत आता स्वयंचलित केंद्रं पावसाची आणि नदीपातळीची नोंद आपोआप पाठवतात. त्या नोंदी आणि हवामानाचा अंदाज संगणकावरच्या प्रारूपात (मॉडेलमध्ये) जातात. जमीन किती भिजलेली आहे, हा त्यातला कळीचा मुद्दा. जूनचा पहिला पाऊस माती पिऊन टाकते. ऑगस्टमध्ये तेवढ्याच पावसाचं बहुतेक पाणी थेट नदीत उतरतं. मग प्रारूपाने सांगितलेली पातळी प्रत्यक्ष पातळीशी ताडून पाहतात, चूक सापडली की पुढचा अंदाज त्या मापाने दुरुस्त करतात. माझ्या मते खरी करामत हीच. पहिला अंदाज चुकणारच, तो किती लवकर सुधारतो ते महत्त्वाचं.

एवढं करूनही कोयनेचे दरवाजे म्हणजे सांगलीचा पूर नव्हे. धरणांच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजाला विचारत नाही. वारणा हरिपूरला कृष्णेत मिळते, पंचगंगा नरसोबावाडीला. पुढे पंचगंगा तुंब भरून वाहत असली की कृष्णेचं पाणी मागे फुगतं. शिवाय त्या पंचगंगेच्या खोऱ्यातल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपणहून उघडतात, मग खाली कोल्हापुरात कितीही पाणी असो. तिथे अंदाज करणाऱ्याला दरवाजे कधी उघडायचे हे ठरवायचं नसतं, ते कधी उघडतील हे आधी ओळखायचं असतं.