पात्याला पाणी देणे

घडवून आणि घासून आकारास आणलेले पोलादी पाते ठरावीक तापमानापर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन थंड करणे आणि नंतर सौम्य उष्णता देऊन त्यातला ठिसूळपणा कमी करणे, या प्रक्रियेला पाणी देणे म्हणतात. पहिला टप्पा हार्डनिंगचा, दुसरा टेंपरिंगचा. हाताने घडवलेल्या चाकूचे पाते तडकलेच तर बहुधा पहिल्या टप्प्यात तडकते, पण तड्याचे मूळ पुष्कळदा त्याआधीच्या घडाईत आणि घासकामात असते.

चाकूसाठी साधारणपणे ०.६ ते १ टक्का कार्बन असलेले पोलाद वापरतात. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसपलीकडे त्याची स्फटिकरचना बदलून कार्बन सामावून घेणारी ऑस्टेनाइट ही अवस्था तयार होते. ती सावकाश थंड झाल्यास मऊ पर्लाइट बनतो; पुरेशा वेगाने थंड झाल्यास कार्बनला वेगळे व्हायला अवधी मिळत नाही आणि साधारण २०० अंशांच्या आसपास कठीण पण ठिसूळ मार्टेन्साइट बनू लागतो. हे नाव जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. स्थिर तापमानाला ऑस्टेनाइटचे रूपांतर किती वेळात होते याचे आलेख डेव्हनपोर्ट आणि बेन या संशोधकांनी १९३० मध्ये मांडले. पर्लाइट सर्वांत झपाट्याने ५४० अंशांच्या आसपास बनतो, म्हणून तेवढा टप्पा घाईने ओलांडावा लागतो.

मार्टेन्साइट ऑस्टेनाइटपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि तड्यांचे मुख्य कारण इथेच आहे. पातळ धार आणि बाहेरचा थर आधी थंड होऊन कडक बनतात. जाड पाठ आणि आतला गाभा मागाहून फुगतात आणि आधीच ताठलेल्या भागाला ताण देतात. त्यामुळे वरच्या तापमानात जलद आणि शेवटच्या २०० अंशांत संथ थंड होणे ही खरी गरज असते. पाणी खालच्या तापमानातही तितक्याच जोरात उष्णता ओढते, तेल तिथे मंदावते. म्हणून हातघडणीच्या पात्यासाठी, पोलादाला पाण्याचाच वेग लागत नसेल तर, तेलच योग्य. ते ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केले की पातळ होऊन पात्याभोवती नीट खेळते. १०९५ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पोलादाला ५४० अंशांखाली नेण्यासाठी एका सेकंदाहूनही कमी अवधी मिळतो. १०८४ क्रमांकाचे पोलाद थोडी अधिक सवड देते, म्हणून नवशिक्याने त्यापासूनच सुरुवात करावी.

घडाईनंतर पाते दोन-तीन वेळा, दर वेळी थोड्या कमी तापमानाला तापवून हवेत थंड होऊ द्यावे. या नॉर्मलायझिंगमुळे घडाईत वाढलेले पोलादाचे स्फटिककण बारीक होतात आणि आतले ताण सुटतात; वेळ वाचवण्यासाठी ही पायरी गाळणे मुळीच परवडत नाही. धारेची जाडी अर्धा ते एक मिलिमीटर ठेवावी. मूठ बसते त्या शेपटीचा आणि पात्याचा सांधा काटकोनी न ठेवता गोलाई देऊन घासावा, कारण ताण कोपऱ्यातच साठतो. कानशीचे किंवा पट्ट्याचे आडवे ओरखडे बारीक सॅंडपेपरने काढावेत आणि शेवटचे घासकाम पात्याच्या लांबीच्या दिशेने करावे: धारेला काटकोनात गेलेला एकच खोल ओरखडा तड्याची वाट आखून देतो. खोल ठोकलेला शिक्काही तेच करतो.

तापवताना चुंबक उपयोगी पडतो. लोहाचे चुंबकत्व सुमारे ७७० अंशांना लोपते आणि साध्या कार्बन पोलादासाठी त्याहून थोडे वर, साधारण ८०० ते ८३० अंश, पुरतात. मंद उजेडात पाहिल्यास लालीवरून एक काळसर छाया सरकत जाताना दिसते. ती विरून रंग सर्वत्र सारखा झाला की रूपांतर झाले असे समजावे. जास्त तापवल्यास कण फुगतात आणि पाते तडकण्याची शक्यता वाढते. खात्री करायची असल्यास त्याच पोलादाचा तुकडा तसाच तापवून बुडवावा आणि मोडून पाहावा: तुटलेला पृष्ठभाग राखाडी मखमलीसारखा दिसला तर तापमान योग्य, चमचमता आणि भरड दिसला तर अति.

पाते टोकाकडून सरळ, उभे बुडवावे आणि फक्त धार-पाठ याच दिशेने पुढे-मागे हलवावे. बाजूला हलवल्यास एक अंग आधी थंड होते आणि पाते वाकते. तेल पेटू शकते, म्हणून धातूचे भांडे आणि घट्ट झाकण हाताशी हवे.

थंड झालेल्या पात्यावर कानस निसटली तर ते कडक झाले. त्यानंतर टेंपरिंग उद्यावर टाकू नये, कारण साठलेल्या ताणामुळे नुसते ठेवलेले पातेही तडकू शकते. साधारण १७५ ते २३० अंशांना दोन-दोन तास, दोनदा, तेही भट्टीचे तापमान स्वतंत्र तापमापकाने तपासून. घासलेल्या पृष्ठभागावर फिका गवती पिवळा रंग येतो. निळा दिसला तर धार मऊ पडली.

तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही. पाते रॉकेलमध्ये काही वेळ बुडवून कोरडे पुसावे आणि वर खडूची भुकटी लावावी. तडा असल्यास झिरपलेले रॉकेल खडूवर बारीक ओली रेघ उमटवते. असे पाते वापरासाठी देऊ नये.