एचएप्रॉक्सी लावला की रीड-राइट आपोआप वेगळे होतात?

नाही. पोस्टग्रेस डेटाबेसचा प्रायमरी (लिहिणं चालतं तो मुख्य सर्व्हर) आणि रेप्लिका (त्याच्या फक्त वाचायच्या प्रती) यांच्यापुढे बसवलेला एचएप्रॉक्सी हा जोडण्या वाटणारा प्रोग्राम फक्त टीसीपी (नेटवर्क) जोडणी पुढे पाठवतो, क्वेरी वाचत नाही. म्हणून इन्सर्ट (नवी नोंद घालणारी क्वेरी) रेप्लिकावर पोचला की ‘रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शन’ची एरर येते.

दोन पोर्ट ठेवा: लिहायला 5000, वाचायला 5001. कुठला वापरायचा हे ॲप्लिकेशननेच ठरवायचं. पॅट्रोनी (प्रायमरी कोण हे सांभाळणारं साधन) असेल तर हेल्थ चेक (सर्व्हर ठीक आहे का ही तपासणी) पोस्टग्रेसच्या 5432 पोर्टवर नको, पॅट्रोनीच्या 8008 वर हवा. तिथे ‘/primary’ या पत्त्याला 200 (म्हणजे ‘ठीक’) हे उत्तर प्रायमरीच देतो. नुसतं पोर्ट उघडं आहे का एवढंच तपासलंत, तर फेलओव्हरनंतर (प्रायमरीची जागा रेप्लिकाने घेतल्यावर) राइट भलत्याच सर्व्हरवर जातील. सर्व्हर डाउन ठरताच त्याच्या जुन्या जोडण्या तोडायची सेटिंगही घाला, ती हमखास राहून जाते.

असिंक्रोनस रेप्लिका (बदल थोड्या उशिराने घेणारी) प्रायमरीच्या मागे असू शकते. आत्ताच लिहिलेलं लगेच वाचायचं असेल तर 5000 वरूनच वाचा.