काठावरच्या गवतातलं हळदी-कुंकू बदक

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर गर्दी होते ती पाहुण्यांसाठी. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक येतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेकडे निघून जातात. त्यांच्यातच चरणारं हळदी-कुंकू बदक मात्र इथलंच. पाणी आटलं तर दुसरा तलाव गाठायचा, एवढाच त्याचा प्रवास.

ओळखायला अगदी सोपं. काळ्या चोचीचं टोक पिवळंधमक आणि चोच कपाळाला भिडते तिथे दोन्ही बाजूंना एकेक लाल ठिपका. लांबी साधारण ६० सेंटिमीटर. तपकिरी पिसांना फिकट कडा असल्यामुळे अंग खवलेदार दिसतं, पाय नारिंगी-लाल. नर-मादी जवळजवळ सारखेच, मादीचे ठिपके जरा लहान आणि फिके. खरी मजा ते उडाल्यावर. पंखावर चकाकता हिरवा पट्टा उघडतो, त्याला काळ्या-पांढऱ्या कडा. ही हिरवी चमक रंगद्रव्याची नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होताना ती तयार होते, म्हणून पक्षी जरा वळला की तोच पट्टा निळसर वाटतो.

हे बदक सहसा बुडी मारत नाही. उथळ पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून तळाचा चिखल चाचपतं. चोचीच्या आतल्या कडांवर बारीक पट्ट्यांची रांग असते. पाणी त्यांतून चाळणीसारखं गळून जातं आणि बिया, कोवळे कोंब, किडे, गोगलगायी तोंडात राहतात. रात्री भातखाचरांतही उतरतं.

पावसानं काठावर गवत माजलं की वीण सुरू होते. घरटं पाण्यात नाही, जमिनीवर, दाट गवताच्या आड. मादी त्यात स्वतःच्या छातीची मऊ पिसं अंथरते. रोज एक याप्रमाणे सात-आठ, कधी बारापर्यंत अंडी घालते. पहिल्या अंड्यावर ती लगेच बसत नाही. सगळी घालून झाल्यावरच उबवायला घेते. त्यामुळे आधीची आणि नंतरची अंडी बरोबरीनं वाढतात आणि सुमारे २४ दिवसांनी पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. हे आवश्यकच, कारण अंग वाळलं की एक-दोन दिवसांत सगळ्यांना आईमागे पाण्यापर्यंत चालत जायचं असतं. मागे राहिलेल्याला कावळा किंवा कुत्रा सोडत नाही.

विणीनंतर मोठ्या बदकांवरही बिकट वेळ येते. उड्डाणाची सगळी पिसं एकदम गळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे उडताच येत नाही. तेवढे दिवस पाणकणसात आणि लव्हाळ्यात लपूनच काढायचे.

म्हणजे या पक्ष्याला पाण्याइतकाच काठ लागतो, आणि आपण नेमका तोच काढून टाकतो. तलावाचं सुशोभीकरण म्हणून गवत छाटायचं, कडेनं दगडी भिंत बांधायची, वर फरसबंद फिरायची वाट करायची. पाणी तसंच राहतं, पण घरट्याची जागा उरत नाही. उभी भिंत पिल्लांना चढता-उतरताही येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली आहे, तिथल्या पाणवनस्पतींत बदकांना आडोसा आहे. गावोगावच्या पाझर तलावांना असा दर्जा कधी मिळणार नाही. तिथे निदान एका बाजूचं गवत जुलै ते ऑक्टोबर कापायचं नाही, एवढं ग्रामपंचायतीनं ठरवलं तरी एका विणीचं काम होतं.