स्की एरियातला पाणीसाठा आणि कृत्रिम बर्फ

स्की एरियात पुरेसा बर्फ पडला नाही की उतारांवर मशीनने बर्फ तयार करतात, आणि त्यासाठी तलाव, पंप, पाइपलाइन, कॉम्प्रेसर आणि स्नोगन अशी जी सगळी व्यवस्था उभारावी लागते तिला स्नोमेकिंग सिस्टीम म्हणतात. 1950 मध्ये अमेरिकेत कनेटिकटला वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची यांनी कॉम्प्रेसर, नोझल आणि साधा बागेतला पाइप जोडून पहिली गन बनवली. फोटोत नेहमी गनच दिसते, पण सिस्टीम चांगली की वाईट ते तलाव आणि पंपावर ठरतं.

गनमधून पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवतात, कॉम्प्रेस्ड हवेमुळे आधी बर्फाचे अगदी छोटे कण होतात आणि बाकीचे थेंब त्यांना चिकटून गोठत खाली येतात. इथे नुसता थर्मामीटर बघून चालत नाही, हवेतला ओलावा धरून येणारं वेट बल्ब तापमान बघावं लागतं, ते साधारण उणे 2 ते उणे 2.5 अंशांखाली गेलं की काम सुरू करता येतं. म्हणून हवा कोरडी असेल तर 0 अंशालाही बर्फ होतो आणि धुकं असेल तर उणे 1 ला सुद्धा नुसतं पाणी पडतं. ऑपरेटर गनच्या फवाऱ्यात जाऊन जॅकेटची बाही पुढे धरतात, कण बाहीवरून उडून गेले तर बर्फ कोरडा, बाही ओली झाली तर पाणी कमी करायचं.

अशी थंडी सीझनच्या सुरुवातीला सलग जेमतेम चार दिवस मिळते, आणि सगळं डिझाइन तिथेच अडतं. समजा 50 हेक्टर उतारांवर 30 सेंटीमीटर थर द्यायचाय, म्हणजे दीड लाख घनमीटर बर्फ, आणि एका घनमीटर बर्फाला साधारण 450 लिटर पाणी धरलं तर 67,500 घनमीटर पाणी झालं. हे 100 तासांत द्यायचं तर सेकंदाला जवळपास 190 लिटर लागतात. ओढ्यातून सेकंदाला 20 लिटर घ्यायची परवानगी असेल तर तेवढं पाणी जमायला 39 दिवस जातील, म्हणून ते आधीच साठवून ठेवावं लागतं. वाफ होऊन आणि वाऱ्याने उडून जाणारा भाग यात धरलेलाच नाही.

तलाव बहुतेक वेळा डोंगरावर खोदून, मातीचा बांध घालून करतात. तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे मजबूत कृत्रिम कापड, त्यावर पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिकचं लायनर आणि लायनरखाली ड्रेन, म्हणजे गळती लगेच कळते. ओलं लायनर भयंकर निसरडं असतं, आत पडलेला माणूस किंवा जनावर वर चढूच शकत नाही, त्यामुळे कुंपण आणि काठाला दोर हवेतच, यात अजिबात काटकसर करू नये. तळाशी 4 अंशांचं जड पाणी बसून राहतं म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडतात, त्याने पाणी ढवळलं जाऊन गार होतं आणि वर बर्फाचा जाड थरही जमत नाही. पाणी कोमट असेल तर ते गार करायला कूलिंग टॉवर लागतात.

दर 10 मीटर चढाला पंपाला साधारण 1 बार दाब जास्त लागतो, 400 मीटर वर न्यायचं तर 40 बार नुसते उंचीलाच गेले, गनचा दाब वेगळा. तलाव वर असेल तर गनपर्यंत पाणी आपोआप दाबाने येतं आणि ऐन थंडीत वीज वाचते. काम थांबलं की गनला जोडलेले होज, म्हणजे लवचीक पाइप, लगेच रिकामे करायचे, नाहीतर पाणी आतच गोठून बसतं.

वाद असतो तो पाण्याचा. हिवाळ्यात डोंगरातले ओढे आधीच रोडावलेले असतात, तेव्हाच उपसा केला तर खालच्या माशांना आणि गावांना झळ बसते, त्यामुळे तलाव वसंतात बर्फ वितळताना भरून घेणं केव्हाही चांगलं. फ्रान्समधल्या ला क्लुसाज या स्कीइंगच्या गावी 1,48,000 घनमीटरचा तलाव ठरला होता, त्यातलं काही पाणी पिण्यासाठी जाणार होतं, तरी जोरदार विरोध झाला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये कोर्टाने त्याच्या परवानगीला स्थगिती दिली.