टाचणात न बसलेला प्रश्न

कुर्ल्यातल्या एका शाळेत बी.एड.च्या विद्यार्थिनीचा सराव पाठ बघत होतो. घटक होता ‘जग एक कुटुंब’. फळ्याशेजारी झेंड्यांचा तक्ता, पाठाच्या टाचणातले, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या आखणीतले, प्रश्न ओळीने चाललेले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘मॅडम, माझा मामा जुने मोबाईल फोडतो. त्यातल्या बॅटरीचा माल कुठल्या देशातून येतो?’’ मॅडम गडबडल्या. ‘‘ते नंतर सांगते.’’ मग घंटाच झाली.

खरं तर अख्ख्या पाठात जागतिक असं काही होतं तर तो प्रश्नच. फोनच्या बॅटरीत कोबाल्ट असतो. जगातला निम्म्याहून कितीतरी जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोच्या खाणींतून निघतो, काही ठिकाणी तर माणसं, लहान मुलंसुद्धा, हातांनी खणतात. शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये. तिथून फिरत फिरत मामाच्या हातोडीखाली.

ब्राझीलमध्ये जन्मलेल्या शिक्षणतज्ज्ञ व्हनेसा आंद्रेओत्ती यांनी २००६ साली जागतिक नागरिकत्वाच्या, म्हणजे आपण साऱ्या जगाचेही नागरिक आहोत या जाणिवेच्या, शिक्षणाचे दोन प्रकार मांडले : सौम्य आणि चिकित्सक. सौम्य प्रकार म्हणतो, ते बिचारे गरीब आहेत, मदत करूया. चिकित्सक प्रकार विचारतो, ते गरीब का राहिले, आणि त्यात आपला वाटा किती? पहिल्यातून ‘आपण किती चांगले’ असा तोरा येतो, तर दुसऱ्यातून अपराधीपणा आणि हतबलता येऊ शकते, हा धोकाही त्यांनीच नोंदवला. म्हणजे दुसरा प्रकार सोपा नाही. झेंड्यांचा तक्ता सोपा.

मॅडमना मी दोष देणार नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये हिशेब मांडला होता : शाळा संपेपर्यंत माणूस शिक्षकांना सुमारे १३,००० तास समोर बघत असतो. शिकवणं म्हणजे काय, हे तिथेच पक्कं होतं. बी.एड.ची दोन वर्षं त्यापुढे किती पुरणार! संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत जागतिक नागरिकत्व आहे, आणि प्रगती मोजताना धोरण, अभ्यासक्रम, मूल्यमापन यांच्याबरोबर शिक्षक-प्रशिक्षणही बघितलं जातं. धोरणात शब्द घालायला एक बैठक पुरते. १३,००० तासांची सवय मोडायची तर भावी शिक्षकाला आधी स्वतःचे शाळेतले दिवस उकरावे लागतात. आपण विचारलेला कुठला प्रश्न कोणी उडवून लावला होता, तेव्हा काय वाटलं होतं, इथपासून.

पाठानंतर मॅडमचं टाचण चाळलं. एका रकान्यात शिक्षककृती, दुसऱ्यात विद्यार्थीकृती. दुसऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य : ‘विद्यार्थी उत्तर देतात.’