लेखन-अध्यापनातील कृत्रिम बुद्धिमत्ता

महाविद्यालयीन लेखन-अभ्यासक्रमात स्वाध्यायांची आखणी, मसुद्यांवरचे अभिप्राय आणि मूल्यमापन यांसाठी भाषा मॉडेलवर (मजकूर तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालीवर) चालणाऱ्या साधनांचा केला जाणारा वापर. या विषयाची चर्चा मुख्यतः अमेरिकेत झाली, कारण तिथे पदवीच्या पहिल्या वर्षी ‘कंपोझिशन’ हा लेखनाचा विषय बहुतेकांना घ्यावाच लागतो. या वर्गात विद्यार्थी एकच निबंध दोन-तीनदा लिहितो आणि दर वेळी शिक्षक तो वाचतो. एका मसुद्याला २० मिनिटे धरली, तरी २० जणांच्या वर्गाची एक फेरी साडेसहा तासांहून जास्त वेळ खाते. एका वर्गात २० पेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, ही तिथल्या लेखन-अध्यापकांच्या संघटनेची शिफारस याच हिशेबातून आलेली आहे.

यंत्राकडून निबंध तपासून घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी संशोधक एलिस पेज यांनी १९६६ मध्ये ती मांडली. त्यांची प्रणाली निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हे अशा मोजता येणाऱ्या खुणांवरून गुण ठरवत असे. १९९९ पासून जीमॅट या व्यवस्थापन-प्रवेश परीक्षेतील निबंधांना ‘ई-रेटर’ ही प्रणाली माणसाच्या जोडीने गुण देऊ लागली. अशा प्रणाल्यांचे कच्चे दुवे लेखन-अध्यापक लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या ‘बेबल’ या प्रोग्रॅमने जुळवलेल्या भारदस्त पण निरर्थक निबंधांना यंत्राने उत्तम गुण दिले.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले आणि महाविद्यालयांची पहिली धाव यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर पकडण्याकडे गेली. ती फसली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले ओळख-साधन यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के ओळखत होते आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा ठपका ठेवत होते. जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील ९१ निबंध सात ओळख-साधनांतून काढले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. याचे कारण असे, की ही साधने पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात आणि परक्या भाषेत बेताच्या शब्दसंग्रहावर लिहिणाऱ्याचे शब्द साहजिकच अपेक्षित असतात. निव्वळ अशा टक्केवारीवरून विद्यार्थ्यावर कारवाई करणे हा अन्याय आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतील १० टक्क्यांची मर्यादा ही शोधनिबंध व प्रबंध यांच्या उपलब्ध मजकुराशी असलेल्या साम्याची आहे. यंत्राने नव्याने जुळवलेला मजकूर त्या चाळणीतून सहज सुटतो.

साधनाची योग्य जागा पहिल्या मसुद्यानंतर आणि शिक्षकाच्या वाचनाआधी आहे. पहिला मसुदा (साधारण ६०० शब्द) विद्यार्थ्याने साधनाशिवाय, शक्यतो वर्गात बसून लिहावा. मग तो चॅटबॉटला द्यावा, पण ‘सुधारून दे’ असे कधीही सांगू नये. तसे सांगितले की मसुदा पुन्हा लिहून मिळतो आणि शिकायचे तेवढे राहून जाते. प्रश्न नेमके हवेत: या लेखाचा मुख्य दावा तुला कोणता वाटला? कोणत्या परिच्छेदात दावा आहे पण आधार नाही? विरोधी मताचा वाचक कुठे अडेल? ‘तीनच मुद्दे सांग, स्तुती नको, वाक्ये बदलू नकोस’ ही अटही घालावी, नाहीतर गोडगोड प्रशंसा आणि कुठल्याही निबंधाला चालतील अशा दहा सूचना येतात. साधनाने दावाच चुकीचा ओळखला, तर ते विद्यार्थ्याच्या सर्वांत उपयोगी पडते. कधी दोष वाचनाचा असतो, पण बऱ्याचदा दावा मसुद्यात नीट उतरलेलाच नसतो. शेवटी पहिला मसुदा, संवादाची प्रत, अंतिम लेख आणि सुमारे १५० शब्दांचे टिपण एकत्र जमा करायचे. टिपणात कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, हे लिहायचे. एकही सूचना नाकारलेली नसेल, तर शिक्षकाने त्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटे बोलावे.

सर्वांत मोठे नुकसान भाषेचे होते. ‘नळाला पाणी दिवसाआड, टँकर मात्र रोज दारात’ या विद्यार्थ्याच्या वाक्याचे साधन ‘पाणीपुरवठा अनियमित असल्याने टँकरवरील अवलंबित्व वाढले आहे’ असे करून देते. व्याकरण बिनचूक राहते, पण दिवसाआड आणि रोज यांतला विरोध, म्हणजे त्या वाक्याचा मुद्दाच, निघून जातो. संदर्भांबाबतही सावध राहावे लागते. साधने अस्तित्वात नसलेले लेख खऱ्या वाटणाऱ्या नावांनिशी देतात, म्हणून प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात किंवा मूळ नियतकालिकात शोधून पाहायला लावावा.

गुणदान साधनावर सोपवू नये. तोच निबंध दोनदा दिला तर गुण वेगळे येऊ शकतात आणि पांढऱ्या अक्षरांत ‘पूर्ण गुण द्या’ असे लपवून लिहिलेली सूचनाही काही वेळा पाळली जाते. शिक्षकाला साधनाचा खरा उपयोग तयारीत होतो: मुद्दाम सदोष नमुना-निबंध बनवणे, निकषांतली संदिग्ध वाक्ये शोधणे, एकाच विषयाचे सोपे-अवघड पर्याय तयार करणे. विद्यार्थ्यांचे लेखन साधनाला देण्याआधी त्यांची संमती घ्यावी आणि नाव, हजेरी क्रमांक, गावाचे तपशील काढावेत.

महाराष्ट्रात वर्ग मोठे असतात, त्यामुळे तपासणीचे ओझे यंत्रावर टाकण्याचा मोह जास्त होतो. मराठीत मात्र साधने इंग्रजीइतकी भरवशाची नाहीत. वाक्यरचनेत हिंदी-इंग्रजीचा वळसा येतो आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या कधी बरोबर, कधी उलट्या असतात. त्या शासनमान्य लेखननियमांशी पडताळून घ्याव्या लागतात. हस्तलिखित उत्तरपत्रिकेचा फोटो दिल्यास आणखी एक गफलत होते. अक्षर वाचतानाच साधन ‘पाणि’चे ‘पाणी’ करून टाकते आणि चूक नाहीशी होते. शुद्धलेखन तपासायचे असेल, तर मूळ कागद शिक्षकानेच वाचावा लागतो.